डबा परत आला

दिवाळीच्या फराळाचा डबा दोन महिन्यांनी परत आला. डिसेंबर संपत आला होता, थंडी बऱ्यापैकी होती, आणि आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी रात्रभर बसमध्ये बसून लातूरकडून थेट कामावर आल्या होत्या. अंगावर गावाकडची शाल तशीच, डोळे जागरणानं लाल. पिशवीतून डबा काढून त्यांनी ओट्यावर ठेवला. "ताई, येळवशीची भज्जी हाय. दोन उंडे बी घातलेत. लेकरान्ला द्या." येळवशी म्हणजे वेळ अमावस्या, लातूरकडचा शेतात जेवायचा सण. डबा माझ्या आजीचा, आजोबांच्या साठीशांतीला आलेला. झाकणावर तिचं नाव आणि 1974 हे साल टिंबाटिंबांनी ठोकलेलं आहे. म्हणूनच मधल्या दोन महिन्यांत मी दोनदा त्याची आठवण केली होती. दोन्ही वेळा मावशी म्हणाल्या होत्या, "आणते की ताई. पर रिकामा कसा देऊ?" तेव्हा मला वाटलं होतं, डबा हरवलाय आणि बाई वेळ मारून नेतायत.

डबा लख्ख घासलेला होता. राख लावून घासल्यावर स्टीलला येते तशी मंद चकाकी होती त्याला. झाकण उघडलं आणि लसणाच्या फोडणीचा वास आला, त्यामागून ओल्या तुरीचा, वाटाण्याचा, हरभऱ्याच्या पाल्याचा, चुक्याचा. हिरवट पिवळी, घट्टसर भज्जी, तिच्यात टचटचीत दाणे, आणि कडेला केळीच्या पानाच्या तुकड्यात गुंडाळलेले ज्वारीचे दोन उंडे. मी म्हणाले, "अहो, कशाला एवढा त्रास घेतलात?" आपण हे वाक्य किती सहज म्हणतो. मावशी हसल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

दुपारी सगळे घरीच होते, रविवार होता. पानं वाढली. डबा टेबलावर होता. मुलीनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हे हिरवं काय आहे?" सासूबाई म्हणाल्या, "रात्रभर प्रवासात होती ना गं ती, विटली असेल. थंडी असली म्हणून काय झालं!" नवरा म्हणाला, मी रात्री बघतो. मी पुन्हा झाकण उघडून वास घेतला. विटलेल्या पदार्थाचा वास मला कळतो, पंचवीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळतेय. तो वास नव्हता. तरी मी झाकण लावलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. रात्री कुणी त्याचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री सगळे झोपल्यावर मी ती भज्जी ओल्या कचऱ्याच्या बादलीत उपडी केली. वर भाजीची देठं पसरली. मग एक गोष्ट केली जी मी कित्येक वर्षांत केली नव्हती. डबा स्वतः घासला, पुसला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.

सकाळी मावशींनी विचारलं, "आवडली का ताई?" मी म्हणाले, "छान झाली होती. संपली सुद्धा." त्यांनी सिंककडे पाहिलं. त्यात कालची सगळी भांडी होती. कुकर, कढई, ताटं, चहाची गाळणी. डबा तेवढा नव्हता. या घरातलं प्रत्येक खरकटं भांडं नऊ वर्षं ज्यांच्या हाताखालून गेलं आहे, त्यांना ते एक न आलेलं भांडं दिसलं नसेल असं मला आजही वाटत नाही.

त्या काही बोलल्या नाहीत. नळ सोडला.

मिरजेला आमच्या वाड्यात एक कायदा होता, तो कुणी कधी मोठ्यानं सांगितला नव्हता. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत जायचं नाही. आजीकडे द्यायला काही नसेल तर चमचाभर साखर, तीही नसेल तर परड्यातला कढीपत्ता, दोन लिंबं, जास्वंदीच्या कळ्या. एकदा मी, सहा-सात वर्षांची असेन, शेजारच्या वहिनींची वाटी घासून तशीच देऊन आले. आजीनं मला मारलं नाही, ओरडलीही नाही. तिनं पदराला हात पुसले, गुळाचा खडा घेतला आणि स्वतः चार पायऱ्या उतरून त्यांच्या दारात गेली. पायऱ्या उतरणं तिला जड जायचं, गुडघे धरून धरून उतरायची. मी खिडकीतून पाहत होते. त्या दिवसापासून कुणाचं रिकामं भांडं हातात आलं की माझे हात आपोआप डब्यांकडे जातात. उसनं घेतलेलं परत करतानाही आजी वाटी शीग लावून भरायची. घेतली होती सपाट, द्यायची शिगोशीग. ते जास्तीचं टोक म्हणजे व्याज नव्हे. हिशेब मिटू नये, उद्या पुन्हा दार वाजावं, यासाठी ते टोक असायचं.

पुढे कॉलेजात समाजशास्त्र घेतलं तेव्हा याला नाव मिळालं. लोकरीती आणि लोकनीती हा फरक आमच्या बाई शिकवायच्या. विल्यम ग्रॅहम समनर या अमेरिकन अभ्यासकानं 1906 मध्ये तो मांडला. चमचा कुठल्या हातात धरायचा ही लोकरीत. ती मोडली तर लोक हसतील, फार तर नाक मुरडतील. लोकनीती मोडली तर मात्र समाज दुखावतो, शिक्षा करतो. मी वहीत दोन रकाने आखून उदाहरणं लिहिली होती. रिकामी वाटी मी लोकरीतीच्या रकान्यात टाकली, आणि ज्यांच्या हातचं खायचं नाही ते लोकनीतीच्या. तेव्हा वाटलं होतं, दुसरा रकाना इतिहासाचा आहे. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड टायलरची 1871 सालची संस्कृतीची व्याख्याही पाठ होती, ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि माणसानं समाजाचा घटक म्हणून मिळवलेल्या सगळ्या सवयी यांचं ते गुंतागुंतीचं एकत्रित रूप. पेपरात लिहून चांगले गुण मिळाले होते. पण 'मिळवलेल्या' या शब्दावर मी कधी थांबले नव्हते. माणूस सवयी मिळवतो, म्हणजे कुणाकडून तरी घेतो. आजीनं मला गुळाचा खडा दिला. तिच्याच हातून आणखी काय काय माझ्यात आलं, हे मी कधी मोजलं नाही.

त्याच वाड्याच्या मागच्या गल्लीत सतारीला भोपळा जोडणारी, तारा लावणारी मुसलमान घरं होती. मिरजेत वाढलेल्यांना ते आवाज माहीत असतील, दुपारभर एकच तार पुन्हापुन्हा छेडल्याचे. त्यातल्या एका घराचा आणि आमचा फार घरोबा होता. ईदेला त्यांच्याकडून ताट यायचं. त्यात कोरड्या शेवया, साखर, खारीक, चारोळी, बदाम, आणि वेगळ्या तपेलीत दूध. आजी त्या शेवया आमच्या चुलीवर शिजवायची आणि सगळ्यांना वाढायची. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे मात्र तयार फराळ जायचा, चकल्या, करंज्या, अनारसे. लहानपणी मला हे फार प्रेमाचं वाटायचं. प्रेम होतंच त्यात, ते मी आज नाकारणार नाही. पण आमच्याकडून शिजवलेलं जातं आणि त्यांच्याकडून कोरडं येतं, हा फरक त्या घराला पक्का ठाऊक होता. त्यांनी तो कधी बोलून दाखवला नाही. आमच्या सोवळ्याची काळजी ते आमच्यापेक्षा जास्त घेत होते.

कोरड्या धान्याला विटाळ नाही. शिधा कुणाकडूनही चालतो. पाणी लागलं, आच लागली, मीठ पडलं की हात आठवतात.

त्या भज्जीनंतर मी बरेच दिवस नीट झोपले नाही, असं म्हटलं तर कुणाला वाटेल एवढ्याशा भज्जीचं काय. पण मला ती गोष्ट सोडवेना. मी माझ्या जुन्या वह्या काढल्या. त्यात मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाची टिपणं सापडली. देवाणघेवाणीवर त्याचा दीर्घ निबंध 1925 मध्ये आला. प्रशांत महासागरातली बेटं, अमेरिकेचा वायव्य किनारा, जुने रोमन आणि हिंदू कायदे, असं बरंच काही त्यानं धुंडाळलं होतं. त्याचं म्हणणं असं, भेटवस्तू वरून कितीही स्वखुशीची दिसली तरी तिच्यात तीन बंधनं असतात. देणं, घेणं आणि परत करणं. मी परीक्षेत पहिल्या आणि तिसऱ्या बंधनावर भरभरून लिहिलं होतं. प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिआंड बेटांवर मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीनं पाहिलेली कुला नावाची देवाणघेवाण, लाल शिंपल्यांच्या माळा समुद्रावरून एका दिशेनं फिरतात आणि पांढरी शंखाची कडी उलट दिशेनं, हे मला फार सुंदर वाटायचं. दुसऱ्या बंधनावर वहीत एकच ओळ होती. न घेणं म्हणजे नातं नाकारणं. बाईंनी सांगितलं, मी लिहून घेतलं, पुढच्या ओळीवर गेले.

त्याच वहीच्या एका पाठकोऱ्या पानावर मी आता तक्ता काढला. मॅकिम मॅरियट हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात अलीगढ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहिले होते. त्यांनी त्या गावाला किशन गढी असं टोपणनाव दिलं. कोण श्रेष्ठ, कोण कनिष्ठ असं नुसतं विचारून न थांबता त्यांनी पाहिलं, कोण कुणाला अन्न देतं आणि कोण कुणाचं घेतं. ज्याचं अन्न सगळे घेतात तो वर. जो सगळ्यांचं घेतो पण ज्याचं कुणी घेत नाही तो तळाला. नुसत्या या घेण्यादेण्याच्या तक्त्यावरून गावाची अख्खी उतरंड उभी राहते. मी माझ्या इमारतीचा तसा तक्ता केला. शेजारच्या काकू, त्यांना देतो, त्यांचं घेतो. वरचं पंजाबी कुटुंब, त्यांनी पाठवलेला राजमा मुलीला फार आवडतो. खालचा वॉचमन, त्याला सणाला ताट देतो, त्याच्याकडून काही आल्याचं आठवत नाही. गाड्या धुणारा मुलगा, त्याला चहा, तोही कागदी कपातून. आणि मावशी. नऊ वर्षांत मावशींना आम्ही काय दिलं त्याची यादी पानाच्या तळापर्यंत गेली. फराळ, साड्या, मुलीचे जुने कपडे, शाळेची पुस्तकं, उरलेली भाजी, लग्नातून आलेल्या मिठाईचे खोके, एकदा शिवणयंत्र. समोरच्या रकान्यात मी एकच गोष्ट लिहिली, भज्जी. आणि तिच्यापुढे काय लिहायचं ते मला सुचेना.

आजीच्या दारात ग्रहण सुटताना आरोळी यायची, "दे दान, सुटे गिऱ्हाण!" आजी उंबऱ्याच्या आतून सुपातलं धान्य आणि जुनं लुगडं बाहेर पसरलेल्या फडक्यात वरून सोडायची, हात लागणार नाही एवढ्या उंचीवरून. धान्य पडताना होणारा तो सळसळ आवाज मला अजून ऐकू येतो. मग ती लगेच अंघोळीला जायची. शेजारच्या वाटीत गुळाचा खडा ठेवणारा हात आणि हा हात, दोन्ही तिचेच. एका देण्यात नातं बांधलं जायचं, दुसऱ्यात घरावरची पीडा घराबाहेर जायची. दोन्हीला आपण दान, देणं, दिलं असंच म्हणतो. फडकं पसरणाऱ्या त्या बाईनं कधी काही परत आणलं असतं तर आजीनं काय केलं असतं? हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही, कारण ते घडूच शकत नव्हतं. ज्यात परत करायची सोय ठेवलेली नाही असं ते देणं होतं.

मावशींना उरलेली भाजी देताना मी ती गरम करून, चांगल्या डब्यात घालून देते. वरून सोडत नाही. मला वाटायचं, एवढा फरक पुरेसा आहे.

समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला आणि घुर्यांनी तो पुढे उभा केला. 1932 मध्ये त्यांनी जातिव्यवस्थेची सहा लक्षणं सांगितली, त्यात खाण्यापिण्यावरची आणि संपर्कावरची बंधनं हे एक. मराठीत त्याला नेमका शब्द आधीपासून होता, रोटीबंदी. सावरकरांनी रत्नागिरीत सहभोजनं घातली, अनंत हरी गद्र्यांनी झुणका-भाकर सहभोजनांचा सपाटा लावला, ते याच बंदीवर. आज कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, रोटीबंदी गेली, बेटीबंदी राहिली. सगळेच असं म्हणतात. 2011-12 मध्ये देशभरातल्या 42 हजारांहून अधिक घरांत एक मोठं सर्वेक्षण झालं होतं. त्यात विचारलं होतं, तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न होता, दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्यानं तुमची भांडी वापरली तर चालेल का? देशात सुमारे 27 टक्के घरांनी कुठल्या ना कुठल्या रूपात पाळतो असं कबूल केलं. महाराष्ट्रात हे प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास होतं. त्या पाहणीवाल्यांनी आमची बेल वाजवली असती तर आमचं घर उरलेल्या 96 मध्ये धरलं गेलं असतं. सासूबाई म्हणाल्या असत्या, "येऊ दे की, रोज येतातच की बाई." आणि ते खरं आहे. मावशी आमच्या स्वयंपाकघरात रोज दीड तास असतात. आमच्या ताटांना त्यांच्या हाताशिवाय दुसरा हात लागत नाही.

मावशींची जात मला माहीत नाही. हे मी अभिमानानं सांगायचे. पण पोळ्यांना बाई ठेवायची वेळ आली तेव्हा सासूबाईंनी दारातच विचारलं होतं, "कुठल्या तुम्ही? आडनाव काय?" आडनाव ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला, मग पगाराचं बोलणं झालं. मी तिथेच उभी होते, भाजी निवडत. भांड्यांना मावशी आल्या तेव्हा आडनाव कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, त्या फक्त खरकटं नेणार होत्या. 2017 साली आमच्याच पुण्यात सोवळ्याच्या स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईनं जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार झाली होती, ती पुढे मागे घेतली गेली. तेव्हा मला इतका संताप आला होता की मी मैत्रिणींच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं होतं. ते मी मनापासून लिहिलं होतं. त्याच संध्याकाळी जेवायला आमच्या टेबलावर कुणाच्या हातच्या पोळ्या होत्या आणि त्या हाताची दारात कशी चौकशी झाली होती, हे मला लिहिताना आठवलं नाही.

आणि आम्ही दर आठवड्याला मोबाईलवरून जेवण मागवतो. ते कुठल्या खोलीत, कुणी शिजवलं, त्याचं आडनाव काय, रात्री किती वाजता शिजवलं, काही माहीत नसतं. झाकण उघडतो आणि खातो. तिथे कुणी विटलं असेल म्हणत नाही. तिथे पैसे दिले की हिशेब मिटतो, शेगडीजवळच्या माणसाशी आपलं काही नातं लागत नाही. मावशींच्या भज्जीत नातं होतं, आणि ते बरोबरीचं नातं होतं. काकूंच्या वाटीसारखं. ते टेबलावर आलं तेव्हा आम्ही चौघंही मागे सरलो, आणि चौघांनीही वेगवेगळं कारण दिलं. चौघांपैकी कुणीही खोटं बोलतंय असं कुणाला वाटलं नाही, स्वतःलाही नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त हादरवून गेली. एमिल दुर्खीम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ सांगायचा की सामाजिक गोष्टी माणसाच्या बाहेर असतात आणि त्याच्यावर जोर चालवतात. मला कॉलेजात हे वाक्य अवघड वाटायचं. बाहेर म्हणजे कुठे? आता वाटतं, त्या रविवारी ती गोष्ट टेबलाभोवतीच कुठेतरी होती.

पैठणच्या एकनाथांची कथा लहानपणी कीर्तनात ऐकली होती. राण्या महार आणि त्याच्या बायकोनं नाथांना जेवायला बोलावलं आणि नाथ गेले. लोक पाळत ठेवून होते. तर नाथ स्वतःच्या घरीही दिसले आणि राण्याच्या घरी पानावर बसलेलेही दिसले. विठ्ठलानंच नाथांचं रूप घेतलं, असं बुवा रंगवून सांगायचे आणि सभामंडपात टाळ्या पडायच्या. मला तेव्हा राण्याच्या बायकोची काळजी वाटायची, तिनं काय रांधलं असेल, ती किती घाबरली असेल. आता त्या कथेत मला दुसरंच काही टोचतं. नाथांनी वाढलेलं कुणी जेवलं, हे आपण निवांत ऐकून घेतो. नाथ कुणाच्या घरी जेवले, हे ऐकून घ्यायला आपल्याला देव लागला.

दुसऱ्या बाजूनं याच गाठीला हात घातला गेला तो महाडला. गावकीच्या कामाच्या बदल्यात येसकर पाळीचा, म्हणजे गावकामाची पाळी असलेला, महार संध्याकाळी घरोघर भाकरी मागत फिरायचा. तो त्याचा हक्क मानला जायचा, आणि ती भाकरी बहुतेक शिळी असायची. 19 आणि 20 मार्च 1927 च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी लोकांना मेलेलं मांस आणि उष्टे तुकडे सोडा म्हणून सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी घेणं आणि तुकडे न घेणं, दोन्ही त्याच परिषदेतलं. आपल्याकडे तळ्याची आठवण जास्त निघते. तुकडे नाकारण्यात केवढी जोखीम होती, त्या रात्री कुणाच्या घरी चूल पेटली नसेल, याचा विचार मी आत्ता कुठे करतेय. ज्यांच्या घरचं कुणी कधी घेणार नव्हतं, त्यांनी आधी घेणं थांबवलं.

आपण कामवाल्या बाईंना मावशी म्हणतो. माझी सख्खी मावशी इचलकरंजीला असते. तिनं पाठवलेले धपाटे एकदा एसटीत दोन दिवस अडकले होते, कडा वाळून कडक झाल्या होत्या. आम्ही ते तव्यावर तेल सोडून पुन्हा भाजले आणि दह्याशी भांडून भांडून खाल्ले. नात्याचा शब्द आपण उदारपणे देतो, त्याबरोबर येणारं ओझं मात्र काढून घेऊन देतो. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर 'मावशी भांडी' या नावानं आहे. त्यांचं नाव मला येतं, बँकेत खातं काढायला त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा कळलं. पण मी त्यांना त्या नावानं कधी हाक मारली नाही.

संक्रांतीला मी वड्या दिल्या, डबा परत आला तेव्हा तळाशी चिमूटभर साखर होती. पाडव्याला श्रीखंड दिलं. आठ दिवसांनी तोच आजीचा डबा ओट्यावर आला, या खेपेला जड. झाकण उघडलं तर काठोकाठ तुरीची डाळ. घरच्या जात्यावर भरडलेली, साल थोडं थोडं राहिलेलं, दाणे एकसारखे नाहीत, रंग बाजारच्या डाळीपेक्षा फिका. मावशी म्हणाल्या, "नवी तूर हाय ताई. गावाकडली. कोरडीच हाय." शेवटचे दोन शब्द त्यांनी अगदी साधेपणानं म्हटले, भांड्याला हात घालता घालता. 'कोरडीच हाय.' मी डब्याचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिले.

त्या रात्री सासूबाईंनी स्वतः वरण केलं. नुसतं हिंग, हळद, मीठ, आणि वर साजूक तूप. घरभर वास सुटला. "काय चव आहे गं," त्या म्हणाल्या, "या डाळीला बाजारची सर येणारच नाही. त्यांना विचार, अजून पाच किलो मिळेल का." मुलीनं दोनदा भात घेतला. नवऱ्यानं वाटी तिरकी करून शेवटचं वरण ओतून घेतलं. मी जेवत होते आणि मला दिसत होतं, ते एकच शेत आहे. कडब्याची कोप, चुना लावलेले पाच दगडांचे पांडव, त्यांच्यापुढे आंबिलाचं मडकं, बाजूला जेवणाऱ्यांची पंगत, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवलेलं. येळवशीला अख्खं लातूर शहर ओस पडतं आणि शेतं भरतात, असं मावशी सांगतात. त्याच तुरीच्या ओल्या शेंगा सोलून भज्जी झाली, आणि तीच तूर वाळून, भरडून डाळ झाली. एक आम्ही बादलीत ओतली. दुसरी आम्ही बोटं चाटून खाल्ली. मधे फक्त मावशींची चूल होती.

मिरजेच्या त्या घरानं कोरड्या शेवया पाठवताना जे ओळखलं होतं, ते मावशींनी त्यांच्याकडे घासायला न आलेल्या एका डब्यावरून ओळखलं. आणि तरीही डबा रिकामा परत दिला नाही.

हे सगळं मी घरात बोलले. सोपं गेलं नाही. सासूबाई आधी चिडल्या, मग गप्प झाल्या, दोन दिवसांनी म्हणाल्या, "विटली नव्हती, मला ठाऊक होतं." एवढंच. त्यांचं वय ब्याऐंशी आहे. त्यांना ते म्हणायला काय पडलं असेल, ते मी जाणते. मुलगी मात्र माझ्यावरच चिडली, "मग तू का नाही खाल्लीस? तुला तर सगळं माहीत होतं." तिला मी उत्तर देऊ शकले नाही. अजूनही दिलेलं नाही.

काल सकाळी मावशी भांडी घासत होत्या. बाहेर पावसाची झड होती. मी दोन कप चहा केला, घरातल्याच कपांत, आणि ओट्याला टेकून उभी राहिले. नळाच्या आवाजात बोलायला सोपं जाईल असं वाटलं होतं, पण त्यांनी नेमका नळ बंद केला. मी म्हणाले, "गेल्या वर्षीची भज्जी आम्ही खाल्ली नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी." त्या हात पुसत होत्या. पुसत राहिल्या. मी म्हणाले, "यंदा येळवशीला आणाल?"

त्यांनी कप उचलला, फुंकर घातली, एक घोट घेतला. खिडकीतून पावसाकडे बघत म्हणाल्या, "तूर कशी येती बघू, ताई. फुलात पाऊस लागला की गळती मग ती."

मग कप विसळला आणि पालथा घातला.